बिनशिवणीचे वस्त्र : पेण-रोह्याच्या मुलखातून पाहिलेला कॅथलिक समाजविचार

पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला, तेव्हा रोमहून निघालेल्या एका दीर्घ परिपत्रकाला चार वर्षे होऊन गेली होती. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या त्या लेखाचा विषय युरोपातील कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांची दुरवस्था हा होता, आणि त्याची गंधवार्ता त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातील कोणा खोतास वा कुळास असण्याचे काही कारणच नव्हते. परंतु जमीन अखेर कोणाची, श्रमाचे मोल कोणी ठरवावयाचे, आणि ज्याच्यापाशी स्वतःच्या देहाखेरीज दुसरी मत्ता नाही त्याच्या देहाला प्रतिष्ठा कशाने येते, हे जे प्रश्न गागोद्याच्या त्या मुलाने पुढे विनोबा होऊन हजारो मैल पायी चालत विचारले, तेच प्रश्न त्या परिपत्रकाच्या पानांत आधीच मांडले गेले होते. उत्तरे सर्वत्र सारखी नव्हती. ती कोठे जुळतात आणि कोठे फाटतात हे पाहण्यासाठी हा आढावा घ्यावयाचा आहे.

पेण व रोहा या दोन तालुक्यांत ख्रिस्ती वस्ती अगदी विरळ आहे. धर्मव्यवस्थेच्या दृष्टीने सारा रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतो. आणि रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते तेथील कोर्लई गावात, १७४० साली चौलचा मुलूख मराठ्यांच्या हाती आल्यानंतरही, पोर्तुगीजोद्भव बोली घरात जपून राहिलेला एक लहान कॅथलिक समाज आजही नांदतो. मग अशा मुलखावरून या विचाराचे मोजमाप कशासाठी करावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, जी शिकवण आपण केवळ आपल्या अनुयायांसाठी नसून माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकासाठी आहोत असे सांगते, तिची परीक्षा जेथे तिचे अनुयायी नाहीत तेथेच घेणे न्याय्य होय. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली शांततेवर काढलेले परिपत्रक कॅथलिकांबरोबरच सद्भावनेच्या सर्व माणसांस उद्देशून होते. त्या पत्त्यात वीटभट्टीवरचा कातकरीही येतो आणि भट्टीचा मालकही येतो.

या विचाराचा पाया एका वाक्यात सांगता येतो. मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण झाला असल्याने त्याची प्रतिष्ठा त्याने कमावलेली नसते. म्हणून ती त्याच्या अपराधाने, व्याधीने, जातीने अथवा दारिद्र्याने नष्ट होत नाही. बाकीचा सारा इमला याच पायावर चढलेला आहे. लिओ तेरावे यांनी समाजवाद्यांच्या विरोधात खाजगी मालमत्तेचा हक्क उचलून धरला, पण त्याच लेखात मजुरीचा करार दोघांच्या राजीखुशीने झाला एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही असेही बजावले. गरजेपोटी अथवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीने मजुराने कठोर अट पत्करली, तर तो बळजबरीचा बळी होय, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३१ साली पायस अकरावे यांनी त्यात भर घातली, की जे काम खालची, लहान संस्था करू शकते ते वरच्या सत्तेने तिच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. आपल्याकडे ग्रामसभेच्या अधिकाराबद्दल जो वाद चालतो त्याचेच हे दुसरे रूप. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३३ साली, पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या विरुद्ध कुळांचा संप सुरू झाला, तो १९३९ पर्यंत चालला. एवढा दीर्घ काळ जमिनी पडीक ठेवून कुटुंबेच्या कुटुंबे उपाशी राहिली, आणि १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले. रोमच्या परिपत्रकांची मदत त्या कुळांना झाली नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. कबुलायतीवर अंगठा उठवून घेणारा करार हा खरा करार नव्हे, ही गोष्ट त्यांना कोणी लिहून कळवावी लागली नाही.

हा विचार जसा उदात्त तसा त्याचा इतिहास निष्कलंक नाही, आणि कोकणातल्या लेखकाने तरी हे झाकून ठेवू नये. १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला परधर्मीयांना जिंकून कायमचे गुलाम करण्याची सनद दिली. पुढे चौलला किल्ला बांधणारी सत्ता तीच. १५३७ मध्ये पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ रहिवासी हेही पूर्ण अर्थाने माणसे असून त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येत नाही असे जाहीर केले. पण गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन बसलेच, आणि गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध रोमहून होण्यास १८३९ साल उजाडावे लागले. नव्याने सापडलेल्या भूमीवर ख्रिस्ती राजाचा हक्क लागतो या जुन्या सिद्धान्ताशी आपला संबंध नाही, असे व्हॅटिकनने लेखी सांगितले ते ३० मार्च २०२३ रोजी. जातीचीही कथा याच धर्तीची. धर्म बदलला तरी अस्पृश्यता घराच्या उंबऱ्यावरून चर्चमध्ये शिरली, याची कबुली देऊन भारतातील कॅथलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले; आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर आहे, तो आजही बाहेरच आहे. एका बाजूने सरकार त्याला दलित मानीत नाही आणि दुसऱ्या बाजूने शेजारी त्याला ते विसरू देत नाहीत. शिकवण स्वच्छ असणे आणि शिकविणाऱ्यांचे हात स्वच्छ असणे यांतले अंतर मोजूनच पुढे जावे, इतकेच माझे म्हणणे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील धर्मसभेविषयी जो मसुदा संमत केला, त्याचे सत्ताविसावे कलम मला या साऱ्या वाङ्मयात सर्वांत मोलाचे वाटते. माणसाच्या प्रतिष्ठेला काळिमा फासणाऱ्या गोष्टींची त्यात एक यादी आहे. खून, वंशसंहार, गर्भपात आणि दयामरण हे तिच्या आरंभी येतात. आणि त्याच यादीत, स्वतंत्र परिच्छेद न पाडता, माणसाला न शोभणारी राहणी, मनमानी कैद, गुलामगिरी, स्त्रिया व मुले यांचा विक्रय, आणि मजुराला नफ्याचे हत्यार समजून राबविणे हेही येतात. १९९५ साली जॉन पॉल दुसरे यांनी मानवी जीवनावर परिपत्रक काढले तेव्हा त्यांनी हीच यादी आरंभीच उद्धृत केली. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी ६ डिसेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानापासून या एकसंध भूमिकेला, क्रूसाखाली सैनिकांनी न फाडता चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या त्या अंगरख्यावरून, बिनशिवणीचे वस्त्र हे नाव रूढ झाले. जगात मात्र दोन्ही पक्ष ते फाडूनच नेतात: एकाला गर्भाची बाजू तेवढी हवी असते, दुसऱ्याला मजुराची तेवढी पुरते. माझ्या मते ही शिकवण एकतर सगळी खरी आहे किंवा सगळीच संशयास्पद आहे. अर्धी घेणारा तिचा अनुयायीही नव्हे आणि प्रामाणिक टीकाकारही नव्हे.

आता मुलखाकडे वळू. दिवाळी उलटली, भाताची झोडणी आटोपली, की पेण, रोहा, सुधागड या भागांतील कातकरी वाड्यांवर मुकादमाचे टेम्पो येऊ लागतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकारने आदिम म्हणून नोंदविले आहे त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी येतात. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून त्यांना हे नाव पडले. जंगल राखीव झाले तसा तो धंदा गेला, आणि राहिली ती वीटभट्टी, कोळशाची भट्टी आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा घेतलेली उचल ही या व्यवहाराची पहिली कडी. नवराबायकोची जोडी भट्टीवर येते, बरोबर पोरे येतात. माती कालवणे, विटा थापणे, वाळलेल्या विटा रचणे हे काम पहाटेपासून चालते. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, आणि हजार विटांमागे ठरलेल्या दरातून ती खर्ची व उचल वजा होत होत जो हिशेब होतो तो मालकाच्या वहीत. मजुराकडे वही नसते. हंगाम संपताना बाकी मजुराच्या अंगावर निघाली, तर पुढच्या दिवाळीला कोणाच्या टेम्पोत बसावयाचे हे ठरूनच गेलेले असते.

हे स्वखुशीचे आहे, असे भट्टीवाले सांगतात, आणि त्यांचे सारेच खोटे नसते. कोणी साखळदंड घातलेला नसतो. येथेच १८९१ च्या त्या वाक्याचे महत्त्व कळते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतील एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, नेमका हाच मुद्दा संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाखाली मांडला. भुकेने आणि दारिद्र्याने येणारी सक्ती हीदेखील सक्तीच आहे, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम हे वेठीचे काम होय, असा न्यायमूर्ती भगवती यांचा निवाडा होता. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात याच न्यायालयाने जगण्याच्या हक्कात मानवी प्रतिष्ठेने जगणे समाविष्ट आहे असे म्हटले होते. रोमचे धर्मशास्त्र आणि दिल्लीचे न्यायासन यांनी एकमेकांचे कागद वाचले होते की नाही याला महत्त्व नाही. दोन अगदी निराळ्या वाटांनी चालणारे प्रवासी एकाच विहिरीवर येऊन थांबले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. त्याखाली प्रांताधिकाऱ्याने मुक्ततेचा दाखला द्यावयाचा, पुनर्वसनाची रक्कम मिळावयाची, जुने देणे रद्द व्हावयाचे, असा सर्व बंदोबस्त कागदावर आहे. पण वाडीची जागाच ज्याच्या नावावर नाही, सातबाऱ्यावर ज्याच्या झोपडीखालच्या जमिनीचा खातेदार भलताच कोणी आहे, तो मालकाविरुद्ध कचेरीत अर्ज करावयास सहजी जात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कातकरी वाड्यांचे गावठाण मंजूर होत नाही, हे मजुरीच्या प्रश्नाचे मूळ आहे, आणि माझ्या वाचनात आलेल्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा ही गोष्ट तलाठ्याच्या दप्तरात अधिक स्पष्ट दिसते.

या ठिकाणी मालमत्तेचा प्रश्न आपोआप उभा राहतो. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत अडतिसाव्या युखरिस्त परिषदेस आले होते. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही अंश काढून गरीब राष्ट्रांसाठी एक जागतिक निधी उभारावा असे आवाहन त्यांनी येथूनच केले, आणि २६ मार्च १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी मुंबईच्या त्या आवाहनाचा नामनिर्देशपूर्वक उल्लेख केला. पृथ्वीवरील संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे आणि खाजगी मालकीचा हक्क तिच्या खालचा आहे, हा चौथ्या शतकातील संत अँब्रोज यांच्यापर्यंत मागे जाणारा विचार त्यात त्यांनी इतक्या ठामपणे मांडला, की सार्वजनिक हितासाठी मोठ्या जमिनी काढून घेणे प्रसंगी योग्य ठरते असेही लिहिले. हे वाचताना गागोद्याच्या भावे यांची आठवण न होणे कठीण. परंतु फरक आहे आणि तो मूलगामी आहे. भूमी गोपाळाची असे मानणाऱ्या विनोबांना मालकीची कल्पनाच विरघळवून टाकावयाची होती, ती दानाने आणि हृदयपरिवर्तनाने. रोमला मालकी ठेवावयाची आहे, पण तिच्यावर सामाजिक बोजा नोंदवावयाचा आहे. सातबाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर विनोबांना कब्जेदाराचे नाव कमी करावयाचे होते, पोपना ते ठेवून इतर हक्कांत सर्वांचे नाव चढवावयाचे आहे. व्यवहाराला दुसरी वाट अधिक सोसेल असे मला वाटते.

सार्वजनिक हित हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो, कारण याच शब्दाच्या आधाराने जमिनी गेलेल्या आहेत. उन्हाळ्यातही रोह्याकडे खळखळत येणारे कुंडलिकेचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले असते, आणि तेथे ते मुळशीच्या धरणातून येते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी सत्याग्रह करीत होते, ते हेच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी हे सार्वजनिक हित ठरले, आणि मावळ्यांची भातखाचरे त्या हिताच्या तळाशी गेली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीने पुढे त्याच नदीच्या पाण्याचे काय केले हे खाडीवरच्या कोळ्यांना विचारावे. पेणमध्ये या कहाणीचा दुसरा अध्याय निराळ्या रीतीने लिहिला गेला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पेण व पनवेल तालुक्यांतील गावांची जमीन संपादन करण्याची प्रक्रिया चालू असता, एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यामागे शेतकरी उभे राहिले, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. अखेर त्या संपादनाची मुदत टळून गेली. ज्याचे हित म्हणावयाचे त्याला एकदा विचारून पाहावे, ही साधी गोष्ट. पण तिच्यात पायस अकराव्यांचा तो लहान संस्थेचा सिद्धान्त जितका मूर्त दिसतो तितका ग्रंथांत दिसत नाही.

त्याच हेटवण्याचे पाणी नव्या मुंबईच्या नळांना जाते, आणि पेणमधल्याच वाशी-शिर्कीकडचा खारेपाट, जेथे उधाणाच्या भरतीने बाहेरकाठा फुटून शेतात खांडी जातात, तेथील बायका पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत आल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या पर्यावरणविषयक परिपत्रकात शुद्ध पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. जीवनाच्या प्रतिष्ठेची चर्चा गर्भाशयापासून सुरू होते, पण ती हंड्यापाशी येऊन थांबत नसेल तर तिला काय म्हणावे?

गर्भाशयाच्या प्रश्नावर मराठी वाचकाचे या शिकवणीशी सहज पटत नाही, आणि त्याला कारणे आहेत. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली तरी ‘समाजस्वास्थ्य’ १९५३ पर्यंत चालविले, त्या महाराष्ट्राला पॉल सहावे यांचे १९६८ चे कृत्रिम संततिनियमनाचा निषेध करणारे परिपत्रक रुचणे शक्य नव्हते; पुष्कळ कॅथलिकांनाही ते रुचले नाही, हे उघड गुपित आहे. माझेही मत कर्व्यांच्या बाजूचे. परंतु याच परिपत्रकात एक इशारा होता, की ही साधने उद्या सत्तेच्या हाती जाऊन ती कुटुंबांवर लादली जातील. आठ वर्षांनी, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक देशात सर्वप्रथम संमत केले ते आपल्याच विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, इतकेच. आणीबाणीत ज्यांच्या नावावर नसबंदीचे आकडे पुरे केले गेले ती माणसे गरीब होती. गर्भपातास कायद्याने १९७१ मध्ये मुभा दिली आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी ती चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. रोमची भूमिका त्याच्या सर्वस्वी विरोधी आहे व राहील. येथे मी एवढेच नोंदवितो की गर्भजलपरीक्षेने मुलींचे गर्भ वेचून काढण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो स्त्रियांच्या संघटनांच्या रेट्याने. तेथे दोन विरोधी छावण्यांना एकाच गर्भाची बाजू घ्यावी लागली. आणि जो गर्भाच्या रक्षणाची भाषा बोलतो त्याने भट्टीवर आठव्या महिन्यात विटा उचलणाऱ्या बाईच्या अंगावर उचल किती आहे हे विचारल्याशिवाय आपले भाषण पुरे झाले असे समजू नये; वस्त्र बिनशिवणीचे आहे ते याच अर्थाने. मृत्युदंडाविषयी आता संदिग्धता उरलेली नाही: २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथातील मजकूर बदलून तो अग्राह्य ठरविण्यात आला.

शिकवण कागदावरून जमिनीवर उतरविणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. नगर जिल्ह्यात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाची कामे गावकऱ्यांच्या श्रमदानावर उभारली. वसईत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पाणी, झाडे आणि गुंडगिरी या तिन्ही प्रश्नांवर सर्वधर्मीय लोकांना एकत्र आणले आणि पुढे २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. तिसरे नाव रायगड जिल्ह्याला चिकटलेले आहे, आणि ते सुखद नाही. झारखंडातील आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्य वेचलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक होऊन पनवेल तालुक्यातील तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवाताने थरथरणाऱ्या हातांत पेला धरवत नाही म्हणून नळीच्या पेल्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. जामीन मिळाला नाही, आरोपांचा फैसला झाला नाही, आणि ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी मुंबईच्या रुग्णालयात ते वारले. आरोप खरे की खोटे हे मी सांगू शकत नाही. पण व्हॅटिकन परिषदेच्या त्या यादीतील मनमानी कैद हा शब्द मी आता निराळ्या डोळ्यांनी वाचतो.

रोह्याच्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी, ज्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० चा, माणसाच्या हृदयात भगवंताचे वास्तव्य आहे या एका सूत्रावरून कोळी-आगऱ्यांच्या वस्त्यांत आत्मगौरव जागविला. सूत्र गीतेचे, पण निष्कर्ष प्रतिमेच्या सिद्धान्ताच्या अगदी शेजारचा. त्यांनी मागण्यांचे राजकारण टाळले, रोमची परिपत्रके मात्र मजुरांच्या संघटनेचा हक्क पहिल्या दिवसापासून मान्य करतात. आत्मगौरवाने माणूस ताठ उभा राहतो खरा, पण मालकाची वही उघडावयास संघटना लागते, असा माझ्या अनुभवाचा कौल आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपनी मजुरांच्या त्या पहिल्या परिपत्रकाची आठवण म्हणून लिओ हे नाव धारण केले. तेव्हा विषय संपलेला नाही हे रोमलाही ठाऊक दिसते.

ज्या वाचकाला हा आढावा पडताळून पाहावयाचा असेल त्याने ग्रंथालयात जाण्याची घाई करू नये. पहिल्या पावसाआधी, भट्ट्या विझत असताना, पेण किंवा रोह्याजवळच्या एखाद्या कातकरी वाडीवर जावे, परतलेल्या जोडीला हजारी दर काय पडला, खर्ची किती मिळाली आणि उचल फिटली का, एवढे तीनच प्रश्न विचारावेत, आणि मिळालेले उत्तर स्वतःच्या वहीत लिहून घ्यावे.